चुलीवर वाळलेली पानं

मला माझ्या सहीचा अभिमान आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा प्रवास त्या सहीपायी घडला.

मी जळगावकडची, केळीच्या मुलखातली. माझं काम पानं तपासायचं. माणसाचं रक्त तपासतात, तशी आम्ही केळीची पानं तपासतो. ती वाळवायची, दळायची आणि त्यात नत्र किती, स्फुरद किती, पालाश म्हणजे पोटॅश किती ते मोजायचं. झाड उपाशी असेल तर ते पानात सापडतं, कधी कधी डोळ्यांना दिसायच्या आधीच सापडतं. अशा अहवालांखाली माझी सही असते. आमच्याकडचे शेतकरी ती सही बघून खताच्या दुकानाची पायरी चढतात. इतक्या वर्षांत कुणी तिच्यावर बोट ठेवलं नव्हतं.

म्हणून दिवाळीच्या आधी पोलादपूर तालुक्यातून फोन आला आणि पलीकडची बाई नमस्कारही न करता म्हणाली, "मॅडम, तुमचा रिपोर्ट खोटा हाय," तेव्हा माझा पारा चढला.

"खोटा म्हणजे काय?"

"त्यात लिवलंय, पालाश भरपूर. आनि माज्या केळी पालाशासाठी मरतायत. जुन्या पानांच्या कडा करपल्यात. मी फोटो बघितलाय, अगदी तशाच."

फोटो बघून निदान होत असतं तर एवढी यंत्रं कशाला घेतली असती, असं मी तिला जरा ठसक्यातच सुनावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग या आनि बघा," ती म्हणाली. "लवकर या पन. मालक केळी काढून टाकायला बसलेत. तुमच्याच रिपोर्टवर."

तिचं नाव सुगंधा. कुडपणच्या अलीकडे डोंगरात एक वाडी आहे, तिथली. नवरा दत्ताराम मुंबईत नोकरीला. गवत माजलेल्या जमिनीवर तिनं एकटीनं केळी लावली होती आणि श्रावणात आमच्याकडे पानांचे नमुने पाठवले होते. एवढं मी तिच्याकडून आणि रजिस्टरमधून काढलं आणि रजा टाकली. खरं सांगायचं तर मी तिचं शंकासमाधान करायला नाही, माझी सही राखायला निघाले होते.

वरंध

पुण्याला बहिणीकडे मुक्काम करून दिवाळीनंतरच्या पहिल्याच सोमवारी भोरच्या बाजूनं निघाले. आमच्याकडे रस्ता सरळ जातो आणि दोन्ही बाजूंना केळी असतात. इथे रस्ता डोंगराला चिकटून कसाबसा उतरतो आणि एका बाजूला नुसती दरी असते. जीपचा ड्रायव्हर वळणावर मोबाइलवर बोलत होता. मी डोळे मिटून घेतले, तर तो मागे वळून म्हणाला, "मॅडम, झोपू नका, सीन चांगला हाय."

सीन खरोखरच चांगला होता. पाऊस संपला होता तरी कड्यांवरून पाण्याच्या बारीक धारा उतरत होत्या आणि उतारावरचं गवत नुकतं पिवळं पडायला लागलं होतं. घाटातल्या टपरीवर आम्ही कांदाभजी आणि चहासाठी थांबलो.

आता माझी फजिती सांगते. सुगंधाबाईंना दाखवायला म्हणून मी घरून केळीची एक जंगी फणी आणली होती. वीतभर लांबीची केळी, एकसारखा पिवळा रंग. केळ म्हणजे काय असतं ते कोकणाला कळावं, असा माझा डाव. पिशवी बाकावर ठेवली आणि भजीचा पहिला तुकडा मोडला, तेवढ्यात एक माकडीण आली, पिशवीत हात घातला आणि आख्खी फणी घेऊन कठड्यावर जाऊन बसली. सोलून खाताना तिनं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

"इथं केळं उघडं नाय ठेवायचं," टपरीवाला म्हणाला. "कुठनं आनलेली?"

"जळगावहून."

"मंग त्यांना आवडनारच," तो म्हणाला. एवढ्यावर मी समाधान मानून घेतलं.

महाड

महाडात एका लॉजमध्ये उतरले. संध्याकाळी चवदार तळ्यावर गेले. पायरीवर बसून पाण्याकडे बघत राहिले. शाळेच्या पुस्तकात वाचलेलं तळं प्रत्यक्षात शहराच्या मधोमध, घरांच्या आणि रहदारीच्या शेजारी आहे हे मला माहीत नव्हतं. एक आजोबा नातीला पायऱ्या उतरवून पाण्याला हात लावायला लावत होते. मीही लावला.

जेवायला एका खानावळीत तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं मिळालं. आमच्याकडे भाजीचा रंग बघूनच पाणी प्यावंसं वाटतं. इथे नारळाच्या वाटणात सगळं मऊ होऊन येतं. वालाला किंचित कडवटपणा असतो आणि तोच जिभेवर राहतो. मी दुसऱ्यांदा मागून घेतलं. सोबत आणलेल्या ठेच्याची बाटली पिशवीतून काढलीच नाही.

कुडपणच्या अलीकडची वाडी

पोलादपूरच्या स्टँडवर कशेडी घाट उतरून आलेल्या ट्रकवाल्यांच्या घोळक्यात चहा घेतला आणि वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून डोंगर चढायला लागले. रस्ता इतका उभा की पुढच्या माणसाची पाठ माझ्या मांडीवर यायची बाकी होती. वाडीच्या तोंडाशी सुगंधाबाई उभ्या होत्या. चाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, कमरेला विळा. मला वाटलं होतं फोनवरची बाई धिप्पाड असेल. या माझ्या खांद्याला लागत होत्या.

"आलात!" त्या म्हणाल्या. एवढा आनंद त्यांच्या तोंडावर होता की रागावून आलेय हे मी विसरूनच गेले.

शेत म्हणजे डोंगरउताराचे बांध घातलेले चार तुकडे. वरच्या झऱ्याचं पाणी काळ्या पाइपनं खाली आणलेलं. लाल माती, आणि त्या मातीत जी-नाइन जातीच्या केळीच्या रांगा, दोरी लावून आखल्यासारख्या. आमच्याकडच्या मोठमोठ्या बागायतदारांच्या रांगा मी बघितल्या आहेत. त्यांनी येऊन बघाव्यात अशा या होत्या.

आणि मग मी खालची पानं बघितली. कडा नारिंगी-पिवळ्या, पुढे करपून आत वळलेल्या. काही पानं मधोमध मोडून खाली लोंबत होती. नुकत्याच आलेल्या घडांची केळी बारीक, हडकुळी. हे चित्र मी स्वतः शेतकऱ्यांना फळ्यावर काढून दाखवते. पालाशाची कमतरता अशीच दिसते.

पण अहवाल म्हणत होता पालाश भरपूर आहे. आणि अहवालाखाली सही माझी होती. मी घसा साफ केला आणि मुळं कुजली असतील, वारा लागला असेल, असं काहीबाही सांगायला लागले.

"वारा नुसत्या कडाच करपवतो व्हय?" सुगंधाबाईंनी विचारलं.

तेवढ्यात दत्ताराम आले. शेताचं मिटवायला महिनाभराची रजा काढून आलेला, सरळ बोलणारा माणूस. त्यांनी मोबाइलवर माझा अहवाल काढून मलाच दाखवला.

"मॅडम, ही तुमची साइन ना? मी हिला तेच बोलतो. मशीनचा रिपोर्ट हाय. खाना-पिना सगळं बराबर हाय, तरी झाड खराब. मतलब जागाच केळीची नाय. फुकट कशाला मरायचं? काजू लावली तर बघायला मानूस पन लागत नाय."

अंगणात काजूची रोपं काळ्या पिशव्यांत रांगेनं उभी होती. गडी सांगून झाले होते. त्या आठवड्यातच कोयते लागणार होते.

वर्षभर रोज त्या झाडांत वावरलेल्या बाईचं म्हणणं एका बाजूला आणि माझी सही दुसऱ्या बाजूला, आणि घरात सहीचं वजन जास्त पडलेलं. ज्या सहीचा मला एवढा तोरा, तीच त्यांच्या अंगावर आली होती. मला फार वाईट वाटलं. तरीही, लाज वाटते सांगायला, सही चुकली असेल असं अजून मनात येत नव्हतं.

दुपारी जेवायला बसवलं ते केळीच्या पानावर, टोक डाव्या हाताला. आम्ही ट्रकच्या ट्रक केळी भरतो, पण जेवतो स्टीलच्या ताटात. पानावर नाचणीची भाकरी, केळफुलाची भाजी, सुकटीची चटणी, वाफाळता भात. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि सवयीनं पान वाचायला लागले. हिरवंगार, तुकतुकीत. कड शाबूत, करपल्याची खूणसुद्धा नाही. मी भात बाजूला सारून पानाची दुसरी कड बघितली. तीही तशीच.

"हे पान कुठलं?"

"परसातलं. उरलेली चार रोपं मोरीपाशी लावलेली."

"जात तीच? लावली पण तेव्हाच?"

"त्याच दिशी."

मी खरकट्या हातानं तशीच उठले. यजमानांच्या घरी भरल्या पानावरून उठण्याइतकं वाईट काही नाही, हे मलाही कळतं.

"मॅडमना तिखट लागलं वाटतं," दत्ताराम म्हणाले. खानदेशातल्या बाईला असं म्हणणं म्हणजे काय, हे त्यांना कुठून कळणार? एरवी मी ऐकून घेतलं नसतं.

मोरीचं पाणी जिथे जात होतं तिथे चार केळी उभ्या होत्या. खालची पानंही हिरवी आणि घड शेतातल्यापेक्षा दुप्पट भरलेले. मोरीपाशी पितळेचा टोप पालथा होता आणि भोवती राखाडी पाणी साचलं होतं.

"भांडी कशानं घासता?"

"राखेनं. साबन हाय घरात, पन चुलीवरचं भांडं राखेशिवाय निघत नाय."

लाकडाच्या राखेत पालाश असतो. हे मी शिकाऊ पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगते. म्हणजे या चार झाडांना रोज तो मिळत होता आणि शेतातल्यांना नाही. मग शेतातल्या पानांत तो भरपूर आला कुठून?

मी स्वयंपाकघरात गेले. चूल पेटलेली होती. चुलीच्या वर बांबूची ताटी टांगलेली होती आणि तिच्यावर आमसुलं, सुकट, बियाण्याचे भोपळे असं सगळं ठेवलेलं होतं.

"सुगंधाताई," मी विचारलं, "श्रावणात पानांचे नमुने कुठे वाळवले होते?"

त्यांनी वर बोट केलं.

"आनि कुठं? आठ दिस वाळवले. तेव्हा ह्या घरात सुकी जागा ती एकच." मग त्यांना वाटलं मी रागावणार. त्या आत जाऊन पत्र्याच्या डब्यातून घडी घातलेला कागद घेऊन आल्या. "तुमच्या कागदात लिवलंय तसंच केलं, मॅडम."

तो आमचा माहितीपत्रकाचा कागद होता. नमुना कसा घ्यावा ते सांगणारा. 'पानाचे तुकडे सावलीत, कोरड्या जागी वाळवावेत.' हे वाक्य मीच लिहिलेलं. जळगावात बसून लिहिलेलं, जिथे घराच्या कुठल्याही कोपऱ्यात पान ठेवा, चार दिवसांत कुडकुडीत होतं. डोंगरातल्या श्रावणात सावली आणि कोरडी जागा हे दोन्ही शोधायला गेलं, तर माणूस चुलीवरच जाऊन पोचणार. या बाईनं माझं वाक्य अक्षरन् अक्षर पाळलं होतं.

मी ताटीवरून बोट फिरवलं. बोट राखाडी झालं. फुंकणीची प्रत्येक फुंक थोडी राख वर उडवत होती आणि ओल्या पानांवर ती आठ दिवस बसत राहिली होती. मग सगळं आठवायला लागलं. त्या नमुन्याला धुराचा वास होता. अहवालात चुनाही, जो राखेत असतोच, गरजेपेक्षा जास्त आला होता. कोकणातली जमीन निराळी असेल म्हणून मी पुढे गेले होते. झाडाऐवजी मी चूल तपासली होती.

"चूक तुमची नाही," मी म्हणाले. "कागद माझा आहे."

"मतलब रिपोर्ट राँग?" दारातून दत्ताराम म्हणाले.

"मला तसं वाटतंय. पण नुसत्या वाटण्यावर एक चूक झाली आहे, दुसरी करणार नाही. सिद्ध करून दाखवते."

आम्ही पुन्हा शेतात गेलो. फुलावर आलेली झाडं निवडली आणि प्रत्येकाचं वरून तिसरं पान घेतलं. मी एकदाच दाखवलं. पुढची सगळी पानं सुगंधाताईंनी कापली. मधल्या भागातला वीतभर पट्टा, मधली शीर सोडून दोन्ही बाजू वेगळ्या, हात असा स्थिर की आमच्या प्रयोगशाळेत कुणाचा नाही. ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. मग मी सांगितलं, "डावी बाजू तुमच्या ताटीवर. चूल रोजच्यासारखीच पेटवायची, कमी नाही, जास्त नाही. आठ दिवसांनी कुरियरनं पाठवा. उजवी बाजू मी घेऊन जाते. पान एकच, झाड एकच. फरक आला तर तो चुलीचा."

त्यांना ते लगेच कळलं. दत्ताराम मात्र काजूच्या रोपांकडे बघत उभे होते.

"गडी सांगून ठेवलेत," ते म्हणाले.

"मालक," सुगंधाताई म्हणाल्या, "इतके दिस कागदावर भरवसा ठेवलात ना? मंग आनखी एक कागद येउंद्या."

दत्तारामांनी डोकं खाजवलं. "पंधरा दिवस. त्याच्यापुढं एक दिवस नाय."

महाड, पुन्हा

उजव्या बाजूचे तुकडे मी लॉजच्या खोलीत पंख्याखाली वर्तमानपत्रावर पसरले. सकाळी चहाला खाली गेले आणि परत येते तो झाडलोट करणारा माणूस माझी पानं सुपलीत भरून दाराबाहेर निघालेला.

मी अशी काही ओरडले की शेजारच्या खोलीतले लोक बाहेर आले.

"बाय, जेवून झालेलीच पानं ना ही?" तो बिचारा म्हणाला. "तुमी खोलीत जेवलात, मला वाटलं."

सुपली स्वच्छ होती, पानं कोरडी होती, नशीब माझं. मी एकेक तुकडा मोजून घेतला आणि पुढचे दोन दिवस खोलीबाहेर पाऊल टाकलं नाही. तोच माणूस मला खालून भाकरी आणून द्यायचा आणि दारातूनच विचारायचा, "पानं बरी हायत ना?"

घरी

अकराव्या दिवशी कुरियर आलं. पाकीट फोडताच धुराचा वास आला. या वेळी दोन्ही नमुने मी कुणाच्या हाती दिले नाहीत. वाळवणं, दळणं, मोजणं, सगळं स्वतः केलं आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा केलं.

चुलीवरच्या बाजूत पालाश भरपूर, चुनाही जास्त. श्रावणातला अहवाल जसाच्या तसा. आणि पंख्याखालच्या बाजूत पालाश इतका कमी की झाडांनी घड धरले कसे याचंच नवल वाटावं. म्हणजे त्या बाईचं म्हणणं पहिल्या फोनपासून बरोबर होतं.

मी जुना अहवाल काढला, त्यावर लाल शाईनं आडवं लिहिलं, 'रद्द. नमुना वाळवण्याची आमची सूचना अपुरी होती,' आणि खाली सही केली. असं मी नोकरीत पहिल्यांदाच केलं. जड जाईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट एवढी स्वच्छ सही मी कित्येक दिवसांत केली नव्हती.

मग दोन नवे अहवाल, डाव्या बाजूचा एक आणि उजव्या बाजूचा एक, असे पाठवले. सोबत पालाश थोडा थोडा करून, पुन्हा पुन्हा द्यायचा सल्ला, कारण तिथल्या पावसात एकदम दिलेलं वाहून जातं. आणि चुलीची राख मोरीत न घालवता मापानं शेतात टाकायची, हेही लिहिलं. चौदाव्या दिवशी फोन केला. दत्तारामांनी उचलला.

"मॅडम, केळी हायत तिथंच. काजू खालच्या बांधाला लावली." मग म्हणाले, "राखेच्या पाट्या मीच टाकतोय. ती सांगते तेवढ्याच."

चालू घड थोडेफार सुधारले. खरी गंमत बुंध्याशी फुटलेल्या पिलांत दिसली. पुढच्या हंगामात आलेली पानं खालपर्यंत हिरवी होती. सुगंधाताईंनी फोटो पाठवले आणि मी ते प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला दाखवत सुटले. आमच्या माहितीपत्रकात आता एक ओळ वाढली आहे, 'नमुना चुलीवर किंवा चुलीजवळ वाळवू नये.' कुणी विचारलं की ही ओळ कुठून आली, तर मी सांगते, कुडपणकडच्या सुगंधाताईंनी शिकवली. हे सांगताना मला जो अभिमान वाटतो, तो माझ्या सहीचाही कधी वाटला नव्हता.

त्यांना मी एकदा फोनवर म्हटलं, "ताई, दुसऱ्या हंगामाचे अहवाल आले, आता ते जुने दोन फाडून टाका. त्यातला एक उगाच गोंधळ करेल."

"नाय फाडनार," त्या म्हणाल्या.

दोन्ही कागद त्यांनी घराच्या दारामागे शेजारी शेजारी चिकटवले आहेत. वाडीतल्या आणखी तिघींनी केळी लावायचं ठरवलंय आणि त्या येऊन कागद बघतात. परवा एकीनं विचारलं म्हणे, "गो सुगंधा, पान एकच, बाईची सही पन दोनीकडं तीच, मंग हे दोन कागद कशाला?"

सुगंधाताईंनी तिला एकेका कागदावर बोट ठेवून सांगितलं, "ह्यो चुलीचा हाय. आनि ह्यो माज्या केळीचा."